दहा हजार एकाचा आहेर

पहिल्यांदा ओळखला तो कान. इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या सुपरमार्केटात दुधाच्या कपाटापुढे एक तरणाबांड गडी उभा होता आणि त्याचा डावा कान थेट आमच्या आजोबांचा होता! फुगलेला, आतल्या आत दुमडलेला, वाळल्या अंजिरासारखा. सांगली-कोल्हापूरकडे असा कान दिसला की माणूस तालमीतला, हे वेगळं सांगावं लागत नाही. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या मानेवर डोकं घासल्याशिवाय तो मिळत नाही. कंपनीच्या कामासाठी वर्षभर या गावात येऊन पडलो होतो, गाव शांत, हवा कुंद, आणि इथे दुधाच्या रांगेत साक्षात आखाडा उभा!

घरी येऊन शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं. (त्यांना मी मनातल्या मनात काका म्हणायचो, तोंडावर म्हणायला लागलो ते डिसेंबरात.) काका हसले. म्हणाले, तो आमचाच असणार. शनिवारी तीन वाजता तयार राहा, आणि ते तुझं पातळ जॅकेट घालू नकोस.

तर हा 2023चा ऑक्टोबर. गोल्डिंग्टन रोडचं मैदान गावातच आहे, घरांच्या ओळी संपता संपता एकदम दिसतं. बेडफर्ड ब्लूज हा 1886 सालचा रग्बी क्लब. जर्सीवर गडद निळे आणि आकाशी असे आडवे पट्टे. म्हाताऱ्या बायकांच्या मफलरवर तेच पट्टे, तान्ह्या पोरांच्या टोप्यांवर तेच. पाचेक हजार माणूस मावेल एवढी जागा. आम्ही कठड्याला टेकून उभे राहिलो, आणि कठड्यापासून मैदानाची रेघ इतकी जवळ की खेळाडू पडला तर चिखल आपल्या बुटावर.

मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर रग्बी खेळतात, एवढंच या खेळाबद्दलचं माझं ज्ञान. समोर कुठला संघ होता हेही त्या दिवशी मला धड कळलं नाही. पण दहाव्या मिनिटाला आमच्यापासून चार हातांवर स्क्रम लागला आणि मी जो कठडा धरला, तो आजतागायत सोडलेला नाही.

स्क्रम म्हणजे इकडचे आठ आणि तिकडचे आठ. पुढे तिघंतिघं, दोन प्रॉप आणि मध्ये हुकर, एकमेकांच्या बगलेत हात घालून वाकलेले. पंच म्हणतो, क्राउच. सोळा माणसं खाली बसतात. बाइंड. समोरच्याची जर्सी मुठीत. मग एक क्षण काहीच होत नाही. तो क्षण मला पाठ आहे: आखाड्यात दोन पैलवान गर्दनखेच करून थांबतात ना, कोण आधी श्वास सोडतो बघत, अगदी तो. आणि मग, सेट! जो आवाज येतो तो टीव्हीवर ऐकू येत नाही हो. ओल्या मातीच्या भिंतीवर ओली पोती आपटावीत तसा. त्यामागोमाग सोळा छात्यांतून एकदम निघालेला हुंकार. गारठ्यात त्या पाठींवरून वाफ निघत होती, पहाटे गोठ्यातल्या म्हशींच्या अंगावरून निघते तशी, आणि त्या वाफेत मला चार मोडलेले कान दिसले. आजोबा असते तर त्यांनी खिशातली दहाची नोट काढून मैदानात फेकली असती.

नियम काकांनी कानाशी लागून सांगितले. चेंडू हाताने पुढे टाकायचा नाही, मागेच टाकायचा. मला हे ऐकून वेड लागायची पाळी आली. कबड्डीत गडी एकटा पुढे जातो आणि जीव घेऊन मागे येतो. इथे चेंडू मागेमागे येतो आणि माणसं पुढेपुढे जातात! रेघेपलीकडे नेऊन टेकवला की ट्राय, पाच गुण. मग वरून किक मारली की आणखी दोन. पेनल्टीचे तीन. चार ट्राय केले की लीगच्या तक्त्यात एक जादा गुण, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलात तरीही एक. म्हणजे हरणाऱ्यालासुद्धा शेवटच्या मिनिटापर्यंत काहीतरी कमवायचं असतं. ऐंशी मिनिटं कुणी घड्याळाकडे बघून वेळ काढत नाही. आणि लाइनआउट! चेंडू बाहेरून आत फेकतात आणि दोघं जण तिसऱ्याला मांड्यांना धरून सरळ आभाळात उचलतात. दहीहंडीचा दुसरा थर, पण धावत येऊन, अर्ध्या सेकंदात, आणि बाजूला हंडी पळवायला तयार असलेलं दुसरं गोविंदा पथक.

सामना संपला तशी पोरं मैदानात घुसली. क्लबहाऊसमध्ये तो दुधाच्या रांगेतला गडी कपाळाला पट्टी लावून कुणाच्या तरी आजीशी गप्पा मारत उभा होता. मी जाऊन त्याला आजोबांच्या कानाबद्दल सांगितलं. त्याने अत्यंत गंभीरपणे विचारलं, कुठला कान?

त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत जागून लीगचा तक्ता वाचला, आणि इथे खरी गंमत सुरू होते.

कारण ही इंग्लंडची पहिली लीग नव्हेच. ही चॅम्पियनशिप, 2009 ते 2025 या नावाने चाललेली, प्रीमियरशिपच्या खालची पायरी. बारा संघ असायला हवे होते, पण माझ्या वाट्याच्या हंगामात अकराच. बारावा कुठे गेला? तर आदल्या वर्षीचा विजेता जर्सी रेड्स, खाडीतल्या त्या जर्सी बेटावरचा, सप्टेंबरात पैसे संपून बुडाला. काही आठवड्यांपूर्वी याच संघाने चषकाच्या सामन्यात वरच्या लीगमधल्या बाथला हरवलं होतं! एवढा पराक्रम करून महिनाअखेरीला दुकानाला कुलूप. वरच्या लीगमध्ये तरी वेगळं काय होतं? वूस्टर, वॉस्प्स, लंडन आयरिश, वर्षभरात तीन क्लब तिथूनही पडले. त्यात रग्बी युनियनने 2020 मध्ये या खालच्या लीगचं अनुदान जवळजवळ निम्म्यावर आणलेलं. काका हे सगळं सांगत होते ते आपल्याकडे सहकारी साखर कारखान्यांबद्दल सांगतात त्या सुरात.

आणि तरी हे अकरा संघ बघा! हार्टपुरी हे मुळातलं शेतकी कॉलेज, आता विद्यापीठ. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने उठून देशाच्या दुसऱ्या लीगमध्ये संघ उतरवावा, तसं. अँपथिल हे बेडफर्डच्याच परगण्यातलं चिमुकलं बाजारगाव. त्यांच्याशी सामना म्हणजे भावकीतली भांडणं. कॉल्डी तर लिव्हरपूलपलीकडचं खेडं, खाडीच्या पल्याड वेल्सचे डोंगर. तिथले खेळाडू दिवसा आपापल्या नोकऱ्या करतात, संध्याकाळी सराव, आणि शनिवारी पगारी व्यावसायिकांना भिडतात. मी कॉल्डीचा चाहता नाही, मी ब्लूजचा. पण बाकी कुणाशी त्यांचा सामना असला की माझा हात आपोआप देवापुढे जोडला जातो.

पेन्झन्सला मात्र गेलोच. इंग्लंडचा नकाशा काढा आणि पाय जिथे समुद्रात बुडतो तिथे बोट ठेवा. कॉर्निश पायरेट्स तिथले. लंडनच्या पॅडिंग्टनहून पाच तासांवर गाडी, आणि डॉलिशला रूळ समुद्राला इतके चिकटलेले की लाटेचं पाणी खिडकीवर येतं की काय असं वाटतं. रत्नागिरीकडच्या माणसाला मी हे सांगितलं तर तो हसेल, हरकत नाही.

एक्झेटर स्टेशन आलं आणि काकांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. म्हणाले, हे गाव नीट बघून घे. चॅम्पियनशिपच्या पहिल्याच हंगामात, 2010च्या मे महिन्यात, एक्झेटर आणि ब्रिस्टल यांची दोन सामन्यांची अंतिम झुंज. पहिला सामना घरच्या मैदानावर, एक्झेटर 9, ब्रिस्टल 6. दुसरा ब्रिस्टलच्या मैदानावर, आणि तिथे एक्झेटरने 29-10 असं लोळवलं. त्यातले 24 गुण एकट्या गॅरेथ स्टीनसनच्या पायाने! हा स्टीनसन त्याआधी पेन्झन्सच्याच पायरेट्सकडून खेळलेला. मग वर गेलेल्या या एक्झेटरने 2017ला इंग्लंड जिंकलं आणि 2020ला युरोप. ऑक्टोबर 2020 मध्ये पॅरिसच्या रेसिंग 92 वर 31-27. खालच्या लीगमधून निघून दहा वर्षांत युरोपचे राजे! डब्यात मी एकटाच टाळ्या वाजवल्या. इंग्रज माणसं खिडकीबाहेर बघू लागली.

मेन्ये फील्ड हे पायरेट्सचं मैदान साधंच. काळ्यावर पांढऱ्या क्रुसाचे झेंडे, वाऱ्याने फाटतील असे फडफडणारे. हातात पॅस्टी, म्हणजे आपल्या करंजीची दांडगी थोरली बहीण, आत बीफ-बटाटा. याच चिखलात 6 मार्च 2021ला सॅरासेन्स आले होते. सॅरासेन्स म्हणजे युरोपविजेता क्लब. पगाराची मर्यादा मोडल्याबद्दल शिक्षा म्हणून एका हंगामासाठी खाली ढकललेला. पहिलाच सामना पेन्झन्सला, आणि पायरेट्स जिंकले, 25-17. करोनामुळे बघायला मैदानात प्रेक्षक नाही! बाजूला उभ्या असलेल्या एका बाईंनी हे सांगताना अजून हळहळ केली. आयुष्यातला सर्वांत मोठा विजय आणि मी घरी सोफ्यावर, म्हणाल्या.

आता आहेराचं सांगतो. या लीगमध्ये सगळ्यांच्या शिव्या खाणारा संघ ईलिंग ट्रेलफाइंडर्स, पश्चिम लंडनचा. 1871 सालचा क्लब, पाठीशी ट्रेलफाइंडर्स या प्रवासी कंपनीचे संस्थापक माइक गूली, म्हणजे पैशाला तोटा नाही. सगळे म्हणतात, श्रीमंत आहेत. मीही म्हणायचो. मग मला कळलं की 2022 मध्ये ईलिंग लीगमध्ये पहिले आले आणि त्यांना वर जाऊ दिलं नाही. का? मैदान लहान. तेव्हा वर जायला दहा हजार एक माणसांची सोय लागायची. दहा हजार नाही, दहा हजार एक! मी ते तीनदा वाचलं. लग्नात पाकिटावर चिकटवलेलं नाणं असतं ना, ते. दुसऱ्या आलेल्या डॉनकास्टरलाही त्याच वर्षी नकार. ईलिंगचं मैदान निम्म्याच्या आसपास. एकदा दोन डब्यांच्या गाडीने कॅसल बार पार्क स्टेशनला उतरून मी ते बघून आलो. नीटनेटकं आहे. एवढ्या मैदानासाठी हजारो पाहुणे आणायचे कुठून, हा प्रश्न मलाही पडला, पण नियमवाल्यांनी विचारला नाही.

2024च्या मे महिन्यात माझा हंगाम संपला. पहिले कोण? ईलिंग. वर गेले का? नाही, पुन्हा मैदानाचंच तुणतुणं. आणि वर, प्रीमियरशिपमध्ये, न्यूकॅसल अठरापैकी अठरा सामने हरून शेवटचे आले. खाली आले का? तेही नाही. मी काकांना चिडून म्हटलं, अहो मग ही माणसं खेळतात कशासाठी? काकांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी उलट विचारलं, पुढच्या हंगामाचं तिकीट काढायचंय का, आत्ताच काढलं तर स्वस्त पडेल.

माझा करार जूनमध्ये संपत होता. तरी काढलं. ते तिकीट काकांच्या नातवाला दिलं, पण नाव माझं आहे.

तर वाचकहो, मुलाबाळांकडे लंडनला जाणार असाल आणि तो सप्टेंबर ते मे यांतला शनिवार असेल, तर ट्विकनमच्या भव्य स्टेडियमचं तिकीट शोधू नका. सेंट पँक्रसहून बेडफर्डची गाडी पकडा, तासाच्या आत पोचते. स्टेशनपासून गोल्डिंग्टन रोड अर्ध्या तासाची चाल. कठड्याला लागूनच उभे राहा. पातळ जॅकेट घालू नका.