जव्हारच्या अंधारातले रंग

रात्रीच्या आकाशात रंग भरपूर आहेत. त्यांतले कोणते दिसायचे हे मात्र बऱ्याच अंशी माणसाचा डोळा ठरवतो. दृष्टिपटलावर उजेड टिपणाऱ्या दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकू पेशींना रंग कळतो, पण त्यांना उजेड बराच लागतो. शलाका पेशी अगदी पुसट उजेडातही काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. अंधारात आल्यावर शंकू पेशींची तयारी दहाएक मिनिटांत पुरी होते. शलाका पेशींची संवेदनशीलता पुढे अर्धा-पाऊण तास वाढतच राहते.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत हे नीट अनुभवता येते. नैर्ऋत्येच्या क्षितिजाकडे वसई-मुंबईचा आणि पूर्वेकडे नाशिकचा उजेड असला, तरी सूर्यमाळच्या पठारासारख्या जागी डोक्यावरचे आकाश काळे राहते. डोळे सरावले की आकाशगंगेचा पट्टा उमटतो, पण तो पांढुरकाच. शलाका पेशींचे हे आकाश इथल्या वारली चित्रासारखे दुरंगी असते: गडद भिंत आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा. अंधार कितीही दाट झाला तरी तो एकटा रंग देत नाही. रंगासाठी शंकू पेशी जाग्या व्हाव्या लागतात आणि त्यासाठी प्रकाश गोळा करावा लागतो. अंगणातली दुर्बीण नेमके तेच काम करते.

अंधारात माणसाची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. १५० मिलिमीटर आरशाची साधी दुर्बीण तिच्या साडेचारशे पटींहून अधिक प्रकाश गोळा करते. तारा हा बिंदू असल्यामुळे त्याचा सगळा प्रकाश एका ठिकाणी येतो आणि नुसत्या डोळ्यांना पांढरा वाटणारा तारा रंगीत दिसू लागतो. फार तेजस्वी ताऱ्याचा रंग मात्र झगमगाटात पांढरट होतो. तेव्हा नेत्रिका, म्हणजे डोळ्याजवळचे भिंग, जराशी पुढेमागे करून तारा मुद्दाम अस्पष्ट करावा. बिंदूची छोटी चकती होते आणि तिच्यात रंग स्पष्ट उतरतो.

ताऱ्याचा रंग म्हणजे त्याच्या पृष्ठभागाचे तापमान. मृग नक्षत्रातच याची दोन टोके आहेत. काक्षी सुमारे ३,५०० केल्व्हिनचा, नारिंगी. राजन्य सुमारे १२,००० केल्व्हिनचा, निळसर पांढरा. हिरवा तारा मात्र कुठेच नाही. कोणताही तारा एकाच रंगाचा प्रकाश देत नाही. त्याचा सर्वाधिक प्रकाश हिरव्याच्या आसपास असला, तरी सोबतचे लाल-निळे मिसळून डोळ्याला पांढरा दिसतो. सुमारे ५,८०० केल्व्हिनचा सूर्य हे त्याचेच उदाहरण.

जोडताऱ्यांत रंग अधिक खुलतो, कारण एकाच्या शेजारी दुसरा असतो. हंस तारकासमूहातला अल्बिरिओ सोनेरी आणि निळा आहे. नोव्हेंबरात तो संध्याकाळी पश्चिमेला उतरू लागतो. देवयानीतला अल्माक त्याच धाटणीचा, अधिक जवळजवळचा, आणि डिसेंबरच्या संध्याकाळी जव्हारहून उत्तरेला खूप उंच सापडतो. या जोड्यांतली निळाई काहीशी शेजारच्या सोनेरीमुळे वाढलेली असते. तरी ती कमी खरी ठरत नाही, कारण रंग पाहणे हे मुळात तुलना करणेच आहे. सर्वांत गडद लाल हवा असेल तर मृगाच्या पायथ्याशी, शशक तारकासमूहातला आर लेपोरिस शोधावा. इंग्रज निरीक्षक जॉन रसेल हाइंड याने १८४५ साली त्याची नोंद केली. हा कार्बनी तारा आहे: त्याच्या वातावरणातले कार्बनचे रेणू निळा प्रकाश गिळतात आणि उरलेली लाली बाहेर पडते. सुमारे चौदा महिन्यांच्या चक्रात त्याचे तेज वरखाली होते.

तेजोमेघांचा हिशेब वेगळा. पसरलेल्या वस्तूचे दर चौरस अंशामागचे तेज कोणतीही दुर्बीण वाढवू शकत नाही. जितके मोठे करून पाहावे तितका तो प्रकाश पसरत जातो. म्हणून मृगातला प्रसिद्ध तेजोमेघ छायाचित्रात गुलाबी-लाल आणि नेत्रिकेत राखी, मध्यभागी फार तर हिरवट दिसतो. छायाचित्रातली लाली हायड्रोजनची, ६५६ नॅनोमीटरची. तिथे शलाका पेशी जवळजवळ आंधळ्या आणि शंकू पेशीही मंद. हिरवट झाक ऑक्सिजनची, ५०१ नॅनोमीटरच्या आसपासची, आणि तिथे डोळा बराच तरतरीत असतो.

वर्णपटात या झाकेची जी हिरवी रेषा उमटते, तिने विज्ञानाला बरेच दिवस कोड्यात टाकले होते. १८६४ साली विल्यम हगिन्सने कालेय तारकासमूहातल्या बिंबाभ्रिकेचा, म्हणजे चकतीसारख्या दिसणाऱ्या तेजोमेघाचा, प्रकाश वर्णपटात फोडला, तेव्हा ती रेषा कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना; म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. १९२७ साली आयरा बोवेनने दाखवले की तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजनच आहे. तिथला वायू इतका विरळ, की प्रयोगशाळेत न दिसणारी ही रेषा तिथे उमटू शकते. छोट्या दुर्बिणीतून खरा रंग पाहायचा तर बिंबाभ्रिकाच निवडाव्यात. त्या लहान आणि ठासून भरलेल्या असतात. देवयानीतली एन.जी.सी. ७६६२ निळसर हिरवी चकती म्हणून ओळखू येते.

पाहण्याच्या दोन रीती इथे एकमेकींच्या आड येतात. अंधुक वस्तूचा आकार दिसावा म्हणून निरीक्षक नजर किंचित बाजूला ठेवतो, कारण शलाका पेशी दृष्टिपटलाच्या कडेकडे दाट आहेत. शंकू पेशी मध्यभागी एकवटलेल्या असल्याने रंगासाठी मात्र सरळच रोखून पाहावे लागते. ग्रहांना ही अडचण नाही: मंगळाची नारिंगी, गुरूचे तपकिरी पट्टे, आणि लाल प्रकाश शोषणाऱ्या मिथेनमुळे युरेनसला आलेली फिकट हिरवी-निळी छटा सरळ दिसते.

जव्हार-मोखाड्यात हे सारे पाहण्याचा काळ दिवाळीपासून होळीपर्यंतचा. पावसाळा आकाश झाकून ठेवतो. उन्हाळ्यात शेतकरी राब भाजतात, त्याचा धूर हवेत राहतो आणि क्षितिजाजवळच्या ताऱ्यांचा निळा अंश आधी हरवतो. दक्षिणेला जेमतेम सतरा अंश उंच येणारा अगस्त्य तेव्हा पांढऱ्याऐवजी पिवळट दिसू लागतो. नेमक्या या चांगल्या महिन्यांत इथली कितीतरी कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर गेलेली असतात, ही गोष्ट मनाला लागते. निवासी आश्रमशाळांतली मुले मात्र तेव्हा इथेच असतात. या भागात दुर्बीण ठेवण्याची सर्वांत योग्य जागा म्हणून त्या शाळांचीच अंगणे सुचतात: १५० मिलिमीटरचा आरसा, साधा लाकडी फिरता पाया, आवाराचे दिवे तासभर मालवलेले, आणि पहिल्यांदा दाखवायला अल्माक, कारण त्याचे दोन रंग ओळखायला डोळे पुरते सरावण्याचीही वाट पाहावी लागत नाही.