लगागा आणि ड्रमसेट

गेली २० वर्षे आम्ही दोघेही उपनगरांतल्या महाविद्यालयांत मराठी शिकवीत आहोत, आणि त्यांतली बरीच वर्षे वृत्तविचार आमच्या वाट्याला आलेला आहे. फळ्यावर चरण लिहायचा, अक्षरांच्या डोक्यावर लघु-गुरूच्या खुणा करायच्या, तीनतीन अक्षरांचे गण पाडायचे आणि वृत्ताचे नाव सांगायचे, हा आमचा परिपाठ. माधवराव पटवर्धनांची 'छंदोरचना' आमच्या कपाटात आहे आणि (हे मुद्दाम सांगावे लागते) ती आम्ही वाचलेलीही आहे. त्यामुळे लय या विषयात आपल्याला बऱ्यापैकी गती आहे, असा आमचा समज होता. तो समज घाटकोपरच्या एका लहानशा खोलीत कसा मोडला, त्याची ही हकीकत.

मुलुंडहून घाटकोपरला आम्ही गेलो ते मुलीसाठी. तिला रॉकचा ड्रमसेट शिकायचा होता. भिंतींना जुन्या गाद्या ठोकून आवाज अडवलेल्या त्या खोलीत शिकवणारा तरुण निघाला आमचाच जुना विद्यार्थी. मुलीचा उत्साह तीन महिने टिकला. वर्षाची फी मात्र आगाऊ भरलेली होती. ती वाया जाऊ नये, या निखळ मध्यमवर्गीय प्रेरणेने तिच्या जागी आम्ही आळीपाळीने बसू लागलो.

या विद्यार्थ्याविषयी एक गोष्ट आम्हांला पहिल्याच दिवशी आठवली होती. बीएच्या वर्गात तो फळ्यापाशी उभा होता. समोर भुजंगप्रयाताचा चरण होता आणि त्याला गण पाडता येत नव्हते. तेव्हा भर वर्गात त्याला ऐकावे लागले होते, "तुला लय कळत नाही." आमच्यापैकी हे कोण म्हणाले, ते सांगण्यात अर्थ नाही, दुसऱ्यानेही तेच म्हटले असते. त्या काळात तो रात्री बेंजो पार्टीत ड्रम वाजवीत असे आणि हळदीच्या वराती संपवून सकाळच्या तासाला येत असे, हे आम्हांला आता कळले.

असो. पहिला धडा दिसायला सोपा होता. उजव्या हाताने हाय-हॅटच्या झांजांवर सारखे आठ ठोके. उजव्या पायाने किक, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. डाव्या हाताने स्नेअर, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. रॉकची बहुतेक इमारत एवढ्या पायावर उभी आहे. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावलेला. कागदावर ही आकृती आम्ही दोन मिनिटांत मांडून दाखवली. वाजवताना मात्र उजवा हात हलला की उजवा पायही त्याच्याबरोबर निघे, आणि डावा हात दोघांची वाट पाहत ताटकळे. चार अवयव आणि त्यांचा कारभार पाहणारी एकच बुद्धी, तीही एमए झालेली!

दुसरी अडचण कानाची होती. तीनतालाच्या १६ मात्रांत आपले मन समेकडे डोळे लावून बसते. सारा भार पहिल्या मात्रेवर येऊन विसावतो. रॉकमध्ये पहिली मात्रा किकने नुसती दाखवायची आणि जोर द्यायचा तो दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर. याला बॅकबीट म्हणतात. आमची टाळी वर्षानुवर्षे पहिल्या मात्रेवर पडणारी. तो जोर सरकवायला आम्हांला दोन महिने लागले.

मग पॅराडिडल आला. हातांचा क्रम असा: उ डा उ उ, डा उ डा डा. उजवा आणि डावा. वहीत तो लिहिताना आम्हांला हसू आले, कारण पान अगदी लघु-गुरूच्या खुणांसारखे दिसत होते. पुढे घोस्ट नोट्स आल्या, म्हणजे मुख्य ठोक्यांच्या मधले, जेमतेम ऐकू येणारे स्नेअरचे स्पर्श. टोटो या वाद्यवृंदाच्या १९८२ च्या 'रोझॅना'मध्ये जेफ पोर्कारोने जो हाफ-टाइम शफल वाजवला आहे, त्याची सारी डौलदार चाल या स्पर्शांवर तोललेली आहे. तिथे मोठा ठोका चार मात्रांत एकदाच, तिसरीवर पडतो. तो शफल आम्हांला आजही येत नाही.

एका रविवारी त्याने विचारले, "सर, मॅडम, मनाचे श्लोक पाठ आहेत ना? म्हणा, आणि वाजवा." मनाचे श्लोक म्हणजे भुजंगप्रयात. 'लगागा' चार वेळा. १२ अक्षरे, २० मात्रा. त्याने सांगितले, "पाय दर चार मात्रांनी मारा आणि स्नेअर प्रत्येक 'ल'वर." आम्ही हिशेब केला. स्नेअर पहिल्या, सहाव्या, अकराव्या आणि सोळाव्या मात्रेवर येणार. किक पहिल्या, पाचव्या, नवव्या, तेराव्या आणि सतराव्या. दोघे चरणाच्या आरंभी एकदा भेटतात, आणि मग थेट पुढच्या चरणाच्या आरंभी. हे आमच्या हातून झाले नाही. मग तो स्वतः बसला. तोंडाने शांतपणे श्लोक म्हणत त्याने चारही चरण वाजवले. प्रत्येक चरणाच्या तोंडाशी पाय आणि हात अचूक भेटत होते. वीस वर्षे ज्या वृत्ताची आम्ही फळ्यावर चिरफाड केली, ते आम्ही पहिल्यांदाच चालताना पाहत होतो.

त्रिलोक गुर्टू हे याच मुंबईत, ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांच्या घरी वाढले, तबला शिकले आणि पुढे जमिनीवर बसून ड्रम वाजवीत जगभर गेले. तेव्हा या दोन विद्यांचे नाते नवे नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या अंगात ते नांदत होते, आणि आम्ही त्याला फक्त गणांची नावे विचारीत होतो. त्याला नावे आली नाहीत, म्हणून लय येत नाही असा निकाल आम्ही दिला.

त्या दिवशी आम्ही त्याला फळ्यापाशी घडलेल्या प्रसंगाची आठवण दिली आणि चूक आमची होती असे सांगितले. त्याला तो प्रसंग आठवत होता. "मॅडम, तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं," तो म्हणाला. "वर्षभर वाजवायला गेलो नव्हतो मी."

यावर आम्हांला काही बोलता आले नाही. त्याने मेट्रोनोम पुन्हा ६० वर आणला आणि स्टिक आमच्या हातात दिल्या.

यंदा वृत्तविचार सुरू करताना आम्ही खडू उचलला नाही. मुलांना बाकावर हात ठेवायला सांगितले. शेजारच्या वर्गातून तक्रार आली; ती रास्तच होती.