पडद्यावरील पिवळेपण

यंत्र अडलें म्हणजे त्यास एक चापट मारून पाहावी, ही बुद्धि सुशिक्षितांनाहि सुचते. गेल्या चातुर्मासांत आमच्या घरच्या संगणकाचा मॉनिटर एकाएकीं पिवळा दिसूं लागला, तेव्हां आम्हींहि प्रथम तोच उपाय केला, हें वाचकांपाशीं कबूल करतों. याच मॉनिटरवर आमचे दादा घराण्याचा कुलवृत्तांत जुळवीत असल्यामुळें दुरुस्ती निकडीची होती.

पुतण्यानें आम्हांस शहाणपण शिकविलें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व परिणाम पाहावा, हा त्याचा नियम. त्यानें बटण दाबून मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडला. हा मेनू मॉनिटर स्वतःच रेखाटतो. तो शुभ्र दिसला तर दोष बहुधा केबलींत किंवा संगणकांत, तोहि पिवळा दिसला तर मॉनिटरच्याच पोटांत. मेनूंतील अक्षरें शुभ्र होतीं. आमची केबल जुन्या १५ पिनांची, व्हीजीए नांवाची. तींत तांबडा, हिरवा व निळा हे रंग निरनिराळ्या तारांतून जातात. निळा खुंटला कीं उरलेले दोन मिळून पांढऱ्याचें पिवळें करतात. संगणक बंद करून पुतण्यानें केबल काढली, पुन्हा नीट बसविली, दोन्ही स्क्रू आवळले, आणि पडदा पूर्ववत् झाला. अक्षरें किंचित् पुसट होतीं, तींहि मॉनिटरच्या मूळ मापावर, म्हणजे १९२० × १०८० बिंदूंवर, आणतांच रेखीव झालीं.

दादा मात्र म्हणाले, "मला अजून पिवळेंच दिसतें."

रात्रीं निळा प्रकाश कमी करण्याची सोय चालू राहिली असेल म्हणून पाहिलें, तों तीहि बंदच. "दादा, यंत्र सुधारलें, आतां तुम्हीं हट्ट सोडावा," असें आम्ही हंसून म्हणालों. दादा कांहीं बोलले नाहींत. पण पुढें पंधरा दिवस त्यांनीं कुलवृत्तांतास हात लावला नाहीं.

एके सकाळीं वहिनी हळूच म्हणाल्या, "भावोजी, पूजेच्या तबकांतली तगरसुद्धां त्यांना पिवळट दिसते."

आम्ही चपापलों. मॉनिटर, केबल, संगणक, सारें तपासलें होतें. पाहणाऱ्याचा डोळा तेवढा राहिला होता. डॉक्टरांनीं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु सांगितला. त्यांत डोळ्याचें भिंग गढूळ व पिवळट होऊन निळा प्रकाश अडवितें. सैल केबलीनें केलें तेंच येथें वयानें केलें होतें.

एका डोळ्याची शस्त्रक्रिया होऊन डॉक्टरांची अनुज्ञा मिळतांच दादा मॉनिटरसमोर बसले. थोड्या वेळानें त्यांनीं हांक मारली. शके १७९१च्या जागीं १७११ वाचल्यामुळें आमचे एक पूर्वज ८० वर्षें आधींच जन्मास आले होते. दादा खळखळून हंसले. आम्हांस मात्र ते मुकाट्यानें बसलेले पंधरा दिवस आठवले, आणि हंसणें साधलें नाहीं.