खालिद जमील यांचे सात हंगाम

मोठा खेळाडू पुढे मोठा प्रशिक्षक होणारच, असं आपण सहज धरून चालतो. खालिद जमील यांच्या कारकिर्दीपुढे ही समजूत टिकत नाही. जन्म कुवेतचा, फुटबॉल मुंबईचा. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि भारतीय संघाकडून ते मधल्या फळीत खेळले, पण दुखापतींनी पाठ सोडली नाही. 2009मध्ये, वयाच्या 32व्या वर्षी, त्यांनी मुंबई एफसीची सूत्रं हाती घेतली. क्लब बेताच्या ऐपतीचा, आय-लीगमधून खाली घसरायचं नाही हीच दरवर्षीची लढाई. सात हंगाम त्यांनी तो वर टिकवला. ते 2016मध्ये गेले आणि पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन बाहेर पडला. त्याच हंगामात जमील यांच्या ऐजॉलने आय-लीग जिंकली. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून जागा मिळालेला हा संघ! शेवटच्या दिवशी, 30 एप्रिल 2017ला, शिलाँग लाजाँगने आधी गोल केला; ऐजॉलने उत्तरार्धात तो फेडला आणि मोहन बागानला एका गुणाने मागे टाकलं. खेळाडू घडवणारा माणूस वेगळा असतो, हे आमच्या चांदवड तालुक्यानेही पाहिलं आहे. तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ विहिरी खोदत होते. लष्करात गेल्यावर पुण्यात ते रोइंग शिकले, 2016मध्ये रिओ ऑलिंपिकला उतरले आणि 2018मध्ये आशियाई सुवर्णपदक घेऊन आले. टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यात अंगची ताकद होतीच, ती पारखणारी नजर पुण्यात भेटली.

1 ऑगस्ट 2025ला जमील भारताचे प्रशिक्षक झाले. साव्हियो मदेरा यांच्यानंतर हे पद भारतीय माणसाकडे यायला तेरा वर्षं गेली. निकाल कुठे आहेत, असं लोक विचारतात. फातोर्ड्यात सिंगापूरविरुद्ध आघाडी घेऊन आपण 1-2 हरलो, 2027च्या आशिया चषकाची वाट बंद झाली, मग ढाक्यात बांगलादेशनेही हरवलं. हे पराभव झाकण्यासारखे नाहीत. पण त्या पात्रता गटातल्या पहिल्या दोन सामन्यांत, जमील येण्याआधीच, भारताला एकच गुण मिळाला होता. दुसरीकडे, नेमणुकीला सहा आठवडे होण्याआधी, मोहन बागानचे खेळाडू नसताना, त्यांच्या संघाने पेनल्टींवर ओमानला नमवून काफा नेशन्स कपमध्ये तिसरा क्रमांक मिळवला. परदेशी अनुभव हवा, हेही खरंच. मात्र 1998च्या विश्वचषकात क्रोएशियाकडून तिसरा क्रमांक मिळवलेले इगोर स्टिमॅच प्रशिक्षक असताना आपण 2024मध्ये गुवाहाटीत, घरच्या मैदानावर, अफगाणिस्तानकडून हरलो होतो. जमील बचावावर फार भर देतात, या तक्रारीत तथ्य आहे. तुटपुंज्या साधनांत संघ तगवताना ती सवय लागली असणार, आणि बरोबरीच्या संघांविरुद्ध ती त्यांना मोडावी लागेल. पण संघ बांधण्याची हातोटी त्याच सात हंगामांनी दिली. आज एखाद्या बत्तीस वर्षांच्या भारतीय प्रशिक्षकाला तेवढा अवकाश देणारा क्लब मला दिसत नाही, आणि ढाक्यातल्या पराभवापेक्षा मला त्याची चिंता अधिक वाटते.