दुसरं शिखर

कोंबडीच्या अंड्यात हृदय सुरू होतं ते दुसऱ्या दिवशी. तेव्हा पिल्लाला ना चोच असते ना पाय. विल्यम हार्वेने १६२८ साली रक्ताभिसरणावरच्या पुस्तकात या उडत्या ठिपक्याची नोंद केली. गोंदियाकडच्या आमच्या तिरोड्यात तो बघायला हार्वे लागत नसे. कोंबडी खुडूक बसली की आजी तणसाच्या टोपलीत अंडी मांडायची आणि पाच-सहा दिवसांनी, रात्री, एकेक अंडं बॅटरीपुढे धरायची. लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं परत टोपलीत, कोरं निघालं तर बाजूला. तिची नजर अधू झाल्यावर ते काम माझ्याकडे आलं. "हालून रायलं का रे बाबू?" ती अंधारातून विचारायची. तिला पिल्लांची काळजी. मी त्या ठिपक्यातच अडकलो.

पुढे पुण्याच्या प्रयोगशाळेत तेच माझं काम झालं. सात-आठ दिवसांच्या गर्भाचं हृदय काढायचं, बारीक कापायचं, ट्रिप्सिनने पेशी सुट्या करायच्या आणि पोषक द्रवात ३७ अंशांवर ठेवायच्या. एक-दोन दिवसांत बशीच्या तळाला चिकटलेल्या पेशी एकेकट्या आकसू लागतात. ना मेंदूचा हुकूम, ना रक्ताचा पुरवठा! मग त्या पसरून एकमेकींना भिडतात, त्यांच्यातल्या सूक्ष्म वाटांतून वीज इकडून तिकडे जाते, आणि भजनातले टाळ जुळावेत तशी सगळी बशी एका लयीत येते.

सुटी हृदयपेशीही एकटीने ठोके देते, हे माँट्रोज बरोजने १९१२ मध्ये दाखवलं. नाव मात्र गाजलं ॲलेक्सिस कॅरेलचं. त्याच साली त्याने कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा तुकडा वाढवायला घेतला आणि ती पेशीवाढ १९४६ पर्यंत टिकवली गेली. पण त्यात उरल्या होत्या त्या जोडऊतीच्या पेशी, ठोके देणाऱ्या नव्हेत. मला बरोजच जवळचा वाटतो.

सुरुवातीला आम्ही भिंगाला डोळा लावून, हातात स्टॉपवॉच धरून ठोके मोजायचो. डोळ्याला मिनिटाचा आकडा कळतो. आकसायला किती वेळ लागला, सैलावायला किती, हे कळत नाही. ते कॅमेऱ्याला कळतं, आणि त्याचं तर्कशास्त्र अगदी साधं आहे. चित्रफितीतल्या प्रत्येक चित्रातून आधीचं चित्र ठिपक्या-ठिपक्याने वजा करायचं. पेशी स्थिर असेल तर बाकी जवळजवळ शून्य, हलली की बाकी वाढते. या बाकीचा आलेख काढला की एका ठोक्याची दोन शिखरं दिसतात. पहिलं उंच आणि अरुंद, ते आकसण्याचं; दुसरं ठेंगणं, पसरट, सैलावण्याचं. नवखा विद्यार्थी हमखास ठोके दुप्पट मोजतो! आणि बशी भिंगाखाली उघडी राहून थंडावली, तर ठोके मंदावतात आणि दोष बशीत तपासायला घातलेल्या औषधावर जातो.

रंगद्रव्य नको, सुई टोचायला नको, त्यामुळे तीच बशी दिवसेंदिवस बघता येते. औषधं तपासायला हे फार कामाचं. टर्फेनाडिन हे ॲलर्जीचं औषध हृदयाची लय बिघडवतं म्हणून १९९० च्या दशकात अमेरिकी बाजारातून गेलं. शिन्या यामानाका यांच्या पद्धतीने २००७ पासून माणसाच्या त्वचेच्या पेशीही मूळपेशींसारख्या करता येऊ लागल्या. त्यांच्यापासून ठोके देणाऱ्या हृदयपेशी घडवून नवी औषधं आता आधी त्यांच्यावर तपासता येतात. अशा आलेखात लोकांचं लक्ष पहिल्या शिखराकडे जातं. माझं मत उलटं आहे. हृदय भरतं ते सैलावताना. दुसरं शिखर लांबलं तर नुसत्या जोराचा काय उपयोग?

हे सगळं मोठ्या शहरातच होतं असं मात्र नाही. गोंदिया-भंडाऱ्याच्या विज्ञानशिक्षकांना माझी विनंती आहे: पावसाळ्यानंतर गावच्या बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, बाटलीभर पाणी आणा. त्यात डॅफ्निया, म्हणजे पाण्यातली पिसू, सापडेल. तिचं अंग पारदर्शक असतं, पाठीशी हृदय उघड दिसतं. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर मोबाइल धरा आणि चित्रण स्लो मोशनमध्येच घ्या, कारण ते हृदय सेकंदाला तीन-चार वेळा सहज उडतं. वजाबाकीसाठी इमेजजे हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आलेख मुलांनाच काढू द्या.