४१ किलोमीटर उंचीवरची हवा

पृथ्वीवरील जीवसृष्टी अंतराळातून अवतरली काय, या प्रश्नाचा निकाल सामान्य वाचकांस उमजेल अशा भाषेत लिहून द्यावा, अशी संपादकमहाशयांची मागणी आहे. निकाल देण्याजोगा पुरावा आज कोणाच्याच दप्तरी नाही, असे मी त्यांना कळवले. परंतु २० मे २०२५ रोजी खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर निवर्तल्यापासून मार्व्याहून आमच्या मनोरी गावास येणाऱ्या बोटीत जो तो मला विचारू लागला आहे, 'काका, नारळीकरांना आकाशात परग्रहावरचे जंतू सापडले होते ना?' आणि सूक्ष्मजीवशास्त्रात हयात घालवलेल्या माणसाला नुसती मान डोलावून गप्प बसणे जमत नाही.

कल्पना जुनी आहे. जीवबीजे प्रकाशाच्या दाबाने ग्रहाग्रहांत पसरत असावीत, असे स्वीडनच्या अऱ्हेनियसने विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. पुढे नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉईल आणि हॉईल यांचे सहकारी चंद्र विक्रमसिंघे यांनी ही कामगिरी धूमकेतूंकडे सोपवली. नारळीकरांचे थोरपण असे, की गुरूंच्या मताला त्यांनी प्रयोगाच्या कसोटीस उभे केले. २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादेतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून जो बलून चढला, त्याखाली निर्वात व निर्जंतुक केलेल्या १६ पोलादी नळ्या द्रवरूप निऑनमध्ये, म्हणजे उणे २४६ अंशांच्या सुमारास, बुडवून ठेवल्या होत्या. झडप उघडताच आत शिरलेली हवा गोठते, पोकळी कायम राहते आणि आणखी हवा ओढली जाते. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील विरळ हवा गोळा करण्याची ही तजवीज मला आजही अत्यंत सुंदर वाटते. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राने नमुने स्वतंत्रपणे तपासले. जीवाणूंच्या १२ व बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. त्यांतील ३ जीवाणू अज्ञात ठरले आणि २००९ मध्ये एकाला हॉईल यांचे, एकाला इस्रोचे, तर एकाला आर्यभटाचे नाव मिळाले.

घोटाळा येथून सुरू झाला. अज्ञात म्हणजे परग्रहावरचा, असा अर्थ लोकांनी परस्पर लावला. वास्तविक मनोरीच्या खाडीतील चिमूटभर चिखलातही शास्त्राच्या खातेवहीत नोंद नसलेले जीवाणू असतात. हे तिघे तर तेव्हा बॅसिलस आणि जॅनिबॅक्टर या पृथ्वीवरच्या परिचित कुळांतच गणले गेले, आणि आर्यभटाच्या नावाचा जीवाणू पुढे शेतातल्या मातीतही आढळला. यावर विक्रमसिंघेपक्षाचे उत्तर तयार असते: आपण सारेच आकाशातून आलो असू, तर नातेसंबंध दिसणारच. म्हणजे वंशावळीवरून हा खटला सुटत नाही. मग साक्ष काढावी ती समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणाची, कारण ते अंतराळात आणि पृथ्वीवर वेगळे असू शकते. परंतु, आणि हा मुद्दा मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे, बशीत वाढवलेली वसाहत आपला कार्बन बशीतल्या खाद्यातून घेते. लाखो पिढ्या तर सोडाच, वीस पिढ्यांतच मूळ पेशीचा अंश दहा लाखांत एक इतकाही उरत नाही. तपासणी व्हायला हवी ती न वाढवलेल्या, नळीतून थेट निघालेल्या पेशींची, आणि त्या तर मोजक्या.

हे तिन्ही जीवाणू आपल्या जवळच्या नातलगांहून अतिनील किरणांना अधिक दाद न देणारे निघाले, हा दाखला ते परग्रहावरचे असल्याची खूण म्हणून नेहमी पुढे केला जातो. पण असा काटकपणा घराशेजारीही आढळतो. आमच्या गावात मीठ लावून उन्हात वाळत घातलेल्या मासळीवर कधीकधी गुलाबी थर चढतो. घरातली बाई तो भाग बिघडला म्हणून फेकून देते. तो थर मिठात, म्हणजे पाणी शोषले जाते अशा ठिकाणी, वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असतो. पाणी आटले की पेशीतील डीएनएचे तुकडे होतात, आणि ते सांधण्याची यंत्रणा ज्याच्यापाशी आहे त्याला किरणोत्साराचा मारही सोसतो, असे डायनोकॉकस नावाच्या जीवाणूवरील संशोधनातून दिसले आहे. काटकपणा कमावण्यासाठी अंतराळात जावे लागत नाही.

तरीही मी हॉईल यांची टवाळी करणाऱ्यांच्या पंक्तीला बसणार नाही. बेन्नू लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या मातीत, आपली प्रथिने ज्या २० अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी १४ आढळली. जीव नव्हे, कच्चा माल. पण तो आकाशात तयार होतो, याची रुजुवात झाली. कच्च्या मालातून पहिली पेशी कोठे आणि कशी जुळली, हे मात्र ती पृथ्वीवर जुळली असे धरले काय किंवा धूमकेतूवर धरले काय, सारखेच अज्ञात राहते. बोटीतल्या मंडळींना मी हल्ली एवढेच सांगतो, की नारळीकरांनी आकाशातून हवा आणली आणि तीत जीवाणू होते. ते वर चढले होते की खाली उतरत होते, हे ठरवायला पुन्हा बलून सोडावा लागेल, आणि त्या वेळी काही नळ्या खाद्याचा थेंबही न लावता थेट समस्थानिकांच्या तपासणीसाठी राखून ठेवाव्या लागतील.