कार्ल्याच्या दगडातली अक्षरे

लोणावळ्याजवळचे कार्ले लेणे आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचे, रिक्षाने डोंगराचा पायथा गाठायचा आणि पायऱ्या चढायच्या. वर सुमारे १२४ फूट लांबीचे चैत्यगृह, ३७ खांब आणि छताला अजून टिकून असलेल्या प्राचीन लाकडी कमानी आहेत. हे सारे लोक डोळे भरून पाहतात, पण भिंतीवरच्या आणि खांबांवरच्या अक्षरांकडे फारसे कोणी वळत नाही. आम्ही आज त्यांच्याविषयीच लिहिणार आहोत.

हल्ली लग्नपत्रिका किंवा जयंतीचा फलक करायला गेले की संगणकावर अक्षरांचे शेकडो नमुने दाखवतात. त्यांतले कितीतरी नक्षीदार नमुने जुन्या शिलालेखांवरून आणि हस्तलिखितांवरून घेतलेले असतात. रोममध्ये ट्रॅजन बादशहाचा इ. स. ११३ मधला स्तंभ आहे. त्याच्या पायथ्याशी कोरलेल्या अक्षरांवरून कॅरोल ट्वॉम्ब्ली या अमेरिकन बाईंनी १९८९ साली 'ट्रॅजन' नावाचा टाइप तयार केला. इंग्रजी सिनेमांच्या कितीतरी पोस्टरांवर तो दिसतो.

कार्ल्याची अक्षरेही साधारण त्याच काळातली. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. पण येथे बादशहाचा विजय कोरलेला नाही. वैजयंतीच्या भूतपाल शेठीने हे शैलगृह पूर्ण केले, धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गंध्याने दाराचे दान दिले, तिथल्याच सामी नावाच्या सुताराने दार घडवले, असे ते लेख सांगतात. काही खांब यवनांनी दिले आहेत. हाताने काम करणाऱ्या सुताराचे नाव शेठीच्या नावाइतकेच पक्के दगडात कोरलेले आहे. ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

अशा दानांमुळेच ही लिपी पुन्हा वाचता आली. सांचीच्या कठड्यांवरील लहान लहान लेख शेवटी त्याच दोन अक्षरांनी संपतात, हे जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ साली हेरले. तो शब्द 'दानं' असावा असे त्यांनी ताडले, आणि त्या धाग्यावरून पुढची अक्षरे उलगडत गेली.

आता वळण पाहा. अशोकाच्या लेखांतली ब्राह्मी सरळ, एकसारख्या जाडीची आहे. 'क' म्हणजे अधिकचे चिन्ह, 'र' म्हणजे उभी रेघ, 'ठ' म्हणजे गोल. पुढे सातवाहन-क्षत्रप काळात अक्षरांची डोकी जाड झाली, 'क' आणि 'र' यांच्या शेपट्या वळल्या. विदर्भातल्या वाकाटकांच्या ताम्रपटांत तर प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर चौकोनी पेटी दिसते. जाड झालेल्या या डोक्यांतूनच पुढे आपली शिरोरेषा आली. भूतपालाच्या लेखात 'सेठी' शब्दातला 'ठ' पाहा आणि मुलाच्या पाटीवरचा 'ठ' पाहा. गोल तोच आहे, फक्त वर रेघ आली.

२०१० साली ब्राह्मीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. 'नोटो सान्स ब्राह्मी' हा टाइप फुकट मिळतो. विहाराच्या कमानीवर किंवा पत्रिकेच्या माथ्यावर नक्षी हवी असेल, तर ती या अक्षरांतून का घेऊ नये? मात्र जाणकाराकडून तपासून घ्यावे. चुकीचे अक्षर शोभेला लावण्यात अर्थ नाही.

मुलांना घेऊन जा. सोबत वही-पेन्सिल आणि अक्षरांचा तक्ता ठेवा. लेख स्पष्ट दिसावा म्हणून त्यावर खडू किंवा पाणी लावू नका. आणि कोणी खिळ्याने स्वतःचे नाव खरवडताना दिसला, तर त्याला जवळ बोलावून सामी सुताराचे नाव दाखवा. सामीने आधी दार घडवले, मग त्याचे नाव कोरले गेले.